नाव एक, गावे अनेक

महाराष्ट्रात शिरूर नावाचे तीन तालुके आहेत. पहिला पुणे जिल्ह्यात, घोड नदीच्या काठचा. दुसरा बीड जिल्ह्यातील शिरूर कासार आणि तिसरा लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ. कर्जत रायगड जिल्ह्यात आहे, तसेच अहिल्यानगर जिल्ह्यातही. खेड रत्नागिरीत आणि पुण्यात, तर कळंब धाराशिव आणि यवतमाळ या दोन्ही जिल्ह्यांत आहे. तालुक्यांची ही स्थिती. मग वडगाव, पिंपळगाव, चिंचोली या नावांच्या खेड्यांची गणती न केलेलीच बरी. गाव वसताना जवळचे झाड हीच त्याची पहिली ओळख असे, आणि वड, पिंपळ व चिंच कोठे नव्हती?

नुसते ‘कर्जत’ म्हटले की मुंबईच्या लोकल गाडीने प्रवास करणाऱ्यास भोर घाटाच्या पायथ्याचे स्थानक आठवते, तर जामखेडच्या शेतकऱ्यास आपल्या शेजारचा तालुका. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. पुष्कळदा मजकुरातील अन्य खुणांवरूनही उलगडा होतो. यंत्रमागांचा उल्लेख असेल, तर मालेगाव बहुधा नाशिक जिल्ह्यातील, वाशिम जिल्ह्यातील नव्हे; श्रीनृसिंहसरस्वतींच्या जन्मस्थानाचा उल्लेख असेल, तर ते कारंजा लाड, वर्धा जिल्ह्यातील कारंजा घाडगे नव्हे. परंतु अनुदानाच्या अर्जात किंवा वारसाच्या दाखल्यात अशा खुणा नसतात. तेथे तर्कावर विसंबून राहिल्यास एका गावाचा कागद दुसऱ्या गावी जातो आणि हक्काची रक्कम अडकून पडते.

या अडचणीवर आपल्या पूर्वजांनी काढलेला तोडगा आजही सात-बाराच्या उताऱ्यावर दिसतो. एका नावाची दोन गावे जवळजवळ असतील, तर मोठ्यास ‘बुद्रुक’ व धाकट्यास ‘खुर्द’ म्हणत. हे दोन्ही शब्द मूळ फारसी आहेत. पुढे वस्ती वाढली वा घटली, तरी नाव तेच राहिले. म्हणून आजच्या लोकसंख्येवरून बुद्रुक कोणते, हे ठरवू नये. काही ठिकाणी तर्फ, परगणा, कर्यात या जुन्या महसुली विभागांची नावे गावाला जोडलेली आढळतात. कागदावर ‘बु.’, ‘खु.’ ही अक्षरे म्हणजे शोभा नव्हे, तो नावाचाच भाग होय. नक्कल करताना नेमकी तीच गळतात.

टपालाच्या बाबतीत १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड अमलात आला. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी व संस्कृतचे विद्वान श्रीराम भिकाजी वेलणकर हे त्याचे जनक. सहा अंकांपैकी पहिला अंक विभाग दाखवतो. महाराष्ट्राचे पिनकोड ४ या अंकाने सुरू होतात. शेवटचे तीन अंक वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयाचे असतात. रायगडमधील कर्जतचा क्रमांक ४१०२०१, तर अहिल्यानगरमधील कर्जतचा ४१४४०२. मात्र पिनकोड हा टपाल कार्यालयाचा असतो, गावाचा नव्हे. एकाच कार्यालयाखालील बुद्रुक व खुर्द यांचा निवाडा त्याने होत नाही. त्यासाठी जनगणनेतील गावाचा सांकेतांक, किंवा केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतील सांकेतांक पाहावा लागतो. तो प्रत्येक गावास स्वतंत्र असतो.

सांकेतांक हाताशी नसेल, तेव्हा गाव, तालुका, जिल्हा ही साधी त्रयीच उपयोगी पडते. जुने कागद वाचताना मात्र ती कोणत्या वर्षाची आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीच्या दस्तऐवजात कारंजा लाड व तेथील मालेगाव ही दोन्ही अकोला जिल्ह्यात सापडतील. कळंबपुढे ‘जि. उस्मानाबाद’ असेल, तर ते आजच्या धाराशिव जिल्ह्यातील. नुसते ‘औरंगाबाद’ असेल, तर २०२३ पूर्वीच्या कागदात ते महाराष्ट्रातील की बिहारमधील, हे पाहावे लागते; त्यानंतर महाराष्ट्रातील शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले आहे, बिहारमधील जिल्ह्याचे मात्र औरंगाबाद हेच आहे.