हाडावरच्या भेगेचा खेळ

इ. स. पू. 1200च्या सुमारास चीनचा शांग राजा वू दिंग पाऊस, पीक, लढाई, अगदी दातदुखी, काहीही अडलं तरी हाडाचा कौल घ्यायचा. बैलाच्या खांद्याचं हाड किंवा कासवाच्या पोटाकडचं कवच घासून गुळगुळीत करत, मागच्या बाजूने खळगे कोरत आणि तिथे चटका देत. पुढच्या बाजूला भेग उमटे. बीड जिल्ह्यातल्या लिंबागणेशला घरी बसून मी या विधीचा व्हिडिओ गेम बनवतोय.

तयार चित्रांतली एक भेग संगणकाने उचलून दाखवणं सोपं होतं, पण बेचव. आता खळगा किती खोल आणि चटका किती वेळ, हे खेळणारा ठरवतो. भेगेचा फाटा त्यावर वळतो. तडकण्याचा आवाज चुलीत जळणाऱ्या तुराट्यांचा आहे. भेग वाचण्याचे त्या काळचे नियम आज उरलेले नाहीत. अर्थ बहुधा राजाच सांगे, म्हणून गेममध्ये तो खेळणाऱ्याने लावायचा.

प्रश्न दोन्ही अंगांनी विचारत: कवचाच्या एका बाजूला ‘पाऊस पडेल’, दुसरीकडे ‘पडणार नाही’. गेम खेळून बघणारे शेजारचे शेतकरी काका इथेच थांबले. म्हणाले, “पंचांगात मृग नक्षत्राचं वाहन बेडूक निघालं की पाऊस चांगला म्हणतात. नाही पडला तर कोण लिहून ठेवतंय?”

शांगांचे लेखनिक काही वेळा लिहून ठेवत. सैन्य चालवणारी राणी फू हाओ गरोदर असताना राजाने सांगितलं, दहा दिवसांच्या आठवड्यातल्या अमुक दोन दिवशी बाळंत झाली तर शुभ. कौलापासून एकतिसाव्या, भलत्याच दिवशी ती बाळंत झाली. कवचावर नोंद आहे: शुभ झालं नाही, मुलगी झाली.

हे वाक्य गेममधून गाळावं, असं एका मित्राने सुचवलं. मी ते ठेवलं. 2011च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 807 मुली होत्या. इथल्या खेळणाऱ्याला ते वाक्य परकं वाटणार नाही, आणि टोचायलाही हवं.

याच नोंदीवरून गेमचा मुख्य नियम ठरला. कौल खरा ठरला म्हणून गुण मिळत नाहीत. प्रश्न, अर्थ आणि पुढे काय घडलं, हे तिन्ही कोरलं तरच पुढचं हाड मिळतं. कोरलेलं खोडता येत नाही.

येत्या मृगाला पंचांगातलं वाहन आणि शेतात पडलेला पाऊस, दोन्ही एका वहीत लिहून बघा.