किरकिरणारा पट्टा काय सांगतो?

मार्गशीर्ष-पौषाची पहाट. इंद्रायणीच्या काठाने धुके उतरलेले. मावळातल्या आंबी गावात धारा काढून झालेल्या असतात आणि तळेगावच्या रतिबाच्या किटल्या भरून तयार असतात. घरातली सून अंगणातली बिनगिअरची स्कूटर पुसून बाहेर काढते, बटण दाबते, मूठ पिळते आणि गाडीच्या डाव्या अंगाने आवाज येतो, 'कुईं... कुईं...' ओसरीवर शेकत बसलेले म्हातारबा म्हणतात, "थंडीनं आखडलीया गं ती. पट्ट्यावर जरा तेल सोडाय सांग, म्हंजी गप व्हईल."

म्हातारबांचा जीव त्या सुनेवर आहे आणि त्यांचा अनुभवही खोटा नाही. बैलगाडीचा आस करकरला की त्यांनी जन्मभर वंगणच घातले. रहाटाचे कणेही तेलानेच गप बसवले. पण पट्टा आणि आस यांची जात निराळी. आसावर चाक सुटसुटीत फिरायला हवे, म्हणून तिथे वंगण. पट्ट्याने मात्र पुलीला घट्ट धरायला हवे, म्हणून तिथे कोरडेपणा. ही एकच गोष्ट ध्यानात राहिली तरी या लेखाचे काम झाले, असे समजावे. बाकीचे सारे तिच्यातूनच निघते.

पट्टा असतो कुठे?

1972 साली आलेल्या बजाज चेतकला ना साखळी होती, ना पट्टा. इंजिनाचे दाते थेट मागच्या चाकापर्यंत जोडलेले. मोटारसायकलीला साखळी असते, ती उघडी दिसते आणि तिला तेल लागते, हे सर्वांना ठाऊक आहे. 1980 च्या दशकात किनेटिक होंडा आली आणि बिनगिअरची स्कूटर आपल्याकडे रुळली. आज गावोगाव बायाबापड्या ज्या स्कूटरी चालवतात, त्यांतल्या पेट्रोलवरच्या बहुतेक गाड्यांच्या डाव्या बाजूच्या झाकणाखाली एक रबरी पट्टा असतो. झाकलेला असल्यामुळे तो कुणाच्या नजरेला पडत नाही आणि तुटेपर्यंत त्याची आठवणही होत नाही.

या पट्ट्याला दोन पुल्या असतात, एक पुढे इंजिनाकडे आणि एक मागे चाकाकडे. प्रत्येक पुली म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन उतरत्या थाळ्या. इंजिन जोरात फिरू लागले की पुढच्या पुलीतले लहान रूळ बाहेर फेकले जातात आणि थाळ्यांना जवळ ढकलतात. मग पट्टा पुढे वर चढतो, मागे खाली उतरतो आणि गाडी आपोआप वरच्या गिअरमध्ये गेल्यासारखी पळू लागते. ही सारी करामत पट्ट्याच्या दोन तिरप्या कडांच्या पकडीवर चालते. त्या कडांवर तेलाचा हात फिरला की पट्टा घसरतो, घसरला की तापतो आणि तापला की रबर जळते. शिवाय तेलाने रबर फुगते ते वेगळेच. आवाज दोन दिवस बंद होईल, पण तिसऱ्या दिवशी पट्टा वाटेत साथ सोडील.

थंडीचा दोष किती?

पुणे शहरातली आजवरची नीचांकी नोंद 1935 सालच्या जानेवारीतली आहे, 1.7 अंश सेल्सिअस. म्हणजे इतिहासातल्या सर्वांत कडक थंडीतही तिथे पारा शून्याच्या वरच राहिला. मावळातल्या नदीकाठच्या शिवारात थोडे अधिक गार असेल, पण पट्ट्याचे कृत्रिम रबर शून्याच्या बरेच खालीही लवचीक राहते. थंडीने ते किंचित ताठरते, इतकेच.

युरोप-अमेरिकेत जिथे बर्फ पडते, तिथे लोक मोटारसायकली तीन-चार महिने बंद करून ठेवतात. हार्ले-डेव्हिडसन कंपनीने 1980 पासून मोटारसायकलीच्या मागच्या चाकाला साखळीऐवजी दातेरी पट्टा लावायला सुरुवात केली. तेव्हापासून हिवाळ्यातले ठेवणे आणि पट्ट्याचा आवाज हा तिकडेही नेहमीचा विषय आहे. तिथल्या कडाक्याच्या थंडीतही सांगणे हेच असते की, पट्टा स्वच्छ ठेवा, कोरडा ठेवा, तेल लावू नका.

आपल्याकडे पट्ट्याचे खरे वैरी चार : दव, धूळ, उंदीर आणि एकाच जागी उभे राहणे. थंडीला आपण उगाच बोल लावतो.

आवाज ओळखायला शिका

आजारी जनावर बोलत नाही, पण त्याच्या कण्हण्यावरून जाणता शेतकरी दुखणे ओळखतो. गाडीचेही तसेच.

सकाळी पहिली पाच मिनिटे 'कुईं कुईं' आणि मग शांत, असे असेल तर बहुधा रात्रीची ओल पट्ट्याच्या कडांवर बसलेली असते. गाडी तापली की ती उडून जाते. घाबरण्याचे कारण नाही. पण हाच आवाज दुपारीही येऊ लागला, तर पट्ट्याच्या कडा घासून काचेसारख्या गुळगुळीत झाल्या असाव्यात. गाडी दाखवून घ्यावी.

रोज चालणारी नव्हे, तर बरेच दिवस उभी राहिलेली गाडी सुरुवातीला 'धप धप' करते. पट्टा एकाच आकारात वाकून राहिल्याने त्याला तसा बाक आलेला असतो. दोन-चार किलोमीटर सावकाश चालवल्यावर तो जातो.

वेगाबरोबर वाढणारी 'टक टक' मात्र हसण्यावारी नेऊ नये. पट्ट्याच्या आतला दाता तुटलेला किंवा कड फाटलेली असू शकते. कधी पुढच्या पुलीतले रूळ एका बाजूने झिजून चपटे झालेले असतात.

'घर्र घर्र' असा एकसुरी जाड आवाज चाकाबरोबर येत राहिला तर बेअरिंगकडे पाहावे. उठताना गाडी थरथरत असेल तर क्लचच्या गुटक्यांवर धूळ बसली आहे किंवा ते गुळगुळीत झाले आहेत, असे समजावे.

आणि काही खुणा बिनआवाजाच्या असतात. इंजिन ओरडते पण गाडी त्या मानाने पळत नाही, चढावर दम टाकते, जळक्या रबराचा वास येतो. पट्टा झिजून अरुंद झाल्याची ही लक्षणे. अशी गाडी घेऊन रात्री-अपरात्री लांब जाऊ नये. पट्टा तुटला की इंजिन चालू राहते, पण चाक हलत नाही. बाळंतीण दवाखान्यात न्यायची असेल, किंवा एकटी बाई कंपनीतली पाळी संपवून घरी येत असेल, तर त्या सुनसान रस्त्यावर सहाशे-आठशे रुपयांची बचत फार महाग पडते.

बऱ्याच स्कूटरींचा पट्टा साधारण वीस ते पंचवीस हजार किलोमीटरला बदलावा लागतो. नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत असतो, तोच धरावा. मधल्या सर्व्हिसिंगला मिस्त्रीला डावे झाकण उघडायला सांगावे आणि आपण शेजारी उभे राहावे. पट्टा उलटा वाकवून पाहिला की दात्यांच्या बेचक्यांतल्या बारीक भेगा दिसतात. रुंदी व्हर्निअरने मोजून पुस्तिकेतल्या मर्यादेशी ताडून पाहता येते. त्याच वेळी आतली काळी भुकटी साफ करून घ्यावी.

काही विजेवरच्या स्कूटरींना मागच्या चाकाशी दातेरी पट्टा असतो. कच्च्या रस्त्याची धूळ त्यात बसली की तोही चिमणीसारखा चिवचिवतो. मऊ ब्रश आणि सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन, पुसून कोरडा करावा. ताण मात्र कंपनीने सांगितला तेवढाच हवा. सैल पट्टा दाते ओलांडतो आणि फार ताणलेला पट्टा बेअरिंग खातो.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर

मुलगा परगावी नोकरीला गेला, सून माहेरी बाळंतपणाला गेली आणि गाडी पडवीत उभी राहिली, असे घरोघर होते. तेव्हा एवढे करावे.

गाडी धुऊन लगेच उभी करू नये. आठ-दहा किलोमीटर फिरवून आणावी, म्हणजे आतली ओल उडते. मधल्या स्टँडवर उभी करावी आणि टायरांत पूर्ण हवा ठेवावी. पेट्रोलची टाकी भरलेली असावी. रिकाम्या टाकीत ओलसर हवा राहते आणि गंज धरतो. 2025 पासून देशात बहुतेक ठिकाणी 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि इथेनॉल पाणी ओढून घेते, म्हणून हे अधिक महत्त्वाचे. जुन्या गाडीच्या कार्बोरेटरमधले पेट्रोल काढून टाकलेले बरे. बॅटरीची काळी तार सोडून ठेवावी.

जागा निवडताना गोठ्याची भिंत टाळावी. गोमूत्राचा उग्र वाफारा आणि खताच्या पोत्यांतले क्षार धातूला खातात. डिझेल, रॉकेल, फवारणीची औषधे रबराला मारक, तीही लांब असावीत. झाकायला प्लॅस्टिकचा कागद नको, त्याच्या आत पाणी सुटते. जुने सुती लुगडे किंवा तरट बरे.

भात घरात आले की उंदीर येतातच. पट्ट्याच्या कप्प्याला थंड हवा मिळावी म्हणून एक नळी असते, तिच्यात ते चिंध्या आणि गवत भरून घरटे करतात. बरेच दिवसांनी गाडी काढताना ही नळी आणि हवेची जाळी आधी पाहावी, मगच बटण दाबावे.

दर दोन दिवसांनी मिनिटभर इंजिन चालू करून बंद करणे, ही सवय चांगली नव्हे. अर्धवट तापलेल्या इंजिनात आणि सायलेन्सरमध्ये उलट पाणी साचते. पंधरवड्यातून एकदा जमेल तर दोन-चार किलोमीटर चालवून आणावी. नाहीतर गाडी शांत उभी राहू द्यावी.

गिरणीचा पट्टाही तेच सांगतो

हा नियम स्कूटरीपुरता नाही. मावळ म्हणजे भाताचा मुलूख. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून 1987 साली बाहेर पडलेले 'इंद्रायणी' भात याच खोऱ्याचे नाव घेऊन महाराष्ट्रभर गेले. भात निघाले की मळणी यंत्र, भाताची गिरणी, कडबाकुट्टी सारी पट्ट्यांवर धावू लागतात आणि हंगाम सरला की महिनोन्महिने उभी राहतात.

पूर्वी डिझेल इंजिनावर पीठ दळणाऱ्या गिरणीत रुंद चपटा पट्टा असे. त्याच्यावर राळ चोळत आणि तो चालेही. आताचा पाचरीच्या आकाराचा पट्टा कडांनी धरतो, त्याला राळ नको, मेण नको, ग्रीस तर नकोच. तो पुलीच्या तळाला टेकू लागला आणि तळ चकाकू लागला, तर कडा झिजल्या म्हणून समजा. ताण पाहायला दोन पुल्यांच्या मधोमध, यंत्र बंद असताना, दाबून पाहावे. पुल्यांमध्ये एक मीटर अंतर असेल तर साधारण दीड सेंटीमीटर दबला की ठीक. दोन्ही पुल्यांच्या बाहेरच्या कडांवर दोरी ताणून धरली की त्या एका रेषेत आहेत की नाहीत तेही कळते. जोडीने चालणाऱ्या पट्ट्यांतला एक तुटला तरी सारे एकदम बदलावेत. नवा पट्टा पान्ह्याने रेटून चढवू नये. मोटर सैल करून सरकवावी आणि मग चढवावा.

हंगाम संपल्यावर ताण उतरवून ठेवावा. काढलेला पट्टा बारीक खिळ्यावर टांगू नये, तिथेच त्याला मोड पडते. जाड लाकडी खुंटीवर, अंधाऱ्या कोरड्या जागी टांगावा.

एक गोष्ट मात्र सर्वांत मोठी. चालत्या पट्ट्याला हात लावू नये, मग आवाज कसलाही असो. पदर, ओढणी, धोतराचा सोगा, लोंबती बाही पट्टा क्षणात ओढून नेतो आणि त्याच्यामागून माणूस जातो. मळणी यंत्रांवर हात गमावलेल्यांची दुखणी इतकी वाढली की केंद्राला 1983 साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. पण कायदा शिवारात येऊन जाळी बसवत नाही, ती आपणच बसवायची. एकदा काढलेली जाळी 'उद्या लावू' म्हणून कोपऱ्यात ठेवू नये.

शेवटी पुन्हा त्या अंगणाकडे येऊ. उद्या सकाळी स्कूटर किरकिरली तर सुनेने तेलाची बुधली खाली ठेवावी, दोन किलोमीटर सावकाश जावे आणि आवाज थांबतो का ते ऐकावे. थांबला तर ते दव होते. नाही थांबला, तर दूध घालून येताना मिस्त्रीच्या दुकानावरून यावे. आणि घरी आल्यावर म्हातारबांना सांगावे, "मामंजी, आसाला वंगण, पण पट्ट्याला कोरडं फडकं." त्यांना ते लगेच पटेल. कुठल्या जनावराला काय चारायचे आणि काय नाही, हे त्यांनी उभा जन्म सांभाळले आहे.