ओळख झाली, ओळख होती

परकी भाषा शिकायला घेतली की आधी नमस्काराचा धडा येतो, मग ओळखीचा. स्पॅनिशच्या या धड्यांत एक छोटं वाक्य हमखास भेटतं : ‘मे गुस्ता कोनोसेर हेन्ते नुएबा’. मला नव्या माणसांची ओळख करून घ्यायला आवडतं. ‘हेन्ते’ म्हणजे माणसं, ‘नुएबा’ म्हणजे नवी. पन्नाशी उलटल्यावर मी ही भाषा शिकतो आहे, आणि या वाक्यातल्या ‘कोनोसेर’पाशी माझं मन रेंगाळलं आहे.

हे क्रियापद लॅटिनमधून आलं. त्याचं मूळ आणि संस्कृतातला ‘ज्ञा’ धातू एकाच घराण्यातले. म्हणजे आपलं ‘जाणणं’ आणि त्यांचं ‘कोनोसेर’ ही लांबची भावंडंच म्हणायची!

माहिती असण्याला स्पॅनिशमध्ये वेगळं क्रियापद आहे, ‘साबेर’. पत्ता माहीत असतो तेव्हा ‘साबेर’, माणसाशी परिचय असतो तेव्हा ‘कोनोसेर’. इंग्रजीला दोन्हींसाठी एकच शब्द पुरतो, त्यामुळे इंग्रजी बोलणारे इथं अडखळतात. आपल्याला मात्र ‘माहीत आहे’ आणि ‘ओळखतो’ यांतला फरक लहानपणापासून ठाऊक असतो. भूतकाळातही गंमत आहे. ‘कोनोसी’ म्हटलं की ओळख झाली. ‘कोनोसिया’ म्हटलं की ओळख होती.

आणखी एक बारकावा आहे. ‘हेन्ते नुएबा’ ही माणसं मोघम आहेत, कुणीही चालतील. पण मारिया नावाच्या बाईंची ओळख झाली, तर म्हणायचं ‘कोनोसी आ मारिया’. नावाआधी ‘आ’ लागतो. आपला ‘ला’ जवळपास हेच काम करतो. पाहुणे ‘मुलगी पाहायला’ जातात. घर पाहावं, बैल पाहावा, तशी मुलगी. पुढं कधी तिच्याशी खरोखर बोलणं झालं, की मग ते ‘तिला’ भेटले असं आपण म्हणतो. गर्दीतून एक माणूस वेगळा झाला की भाषाही त्याची दखल घेते.

हे मला जवळचं का वाटतं? माझं नाव मुसलमानी, कविता मराठी. एसटीत शेजारी बसलेले गृहस्थ नाव विचारतात आणि ते ऐकताच माझ्याशी हिंदीत बोलू लागतात. मी मराठीतच उत्तरं देतो. मग थोड्या वेळानं विचारतात, ‘तुमचं मराठी एवढं चांगलं कसं?’ मनात वाईट हेतू नसतो. नावावरून माणूस कळला, असं त्यांना वाटलेलं असतं, इतकंच. ‘साबेर’ झालेलं असतं, ‘कोनोसेर’ राहिलेलं असतं.

अशा वेळी स्पॅनिश माणूस सरळ म्हणू शकतो, ‘से क्येन एस, पेरो नो लो कोनोस्को’. तो कोण हे मला माहीत आहे, पण मी त्याला ओळखत नाही. एवढं मान्य केलं तरी पुढच्या गप्पांना जागा उरते.

नवी ओळख झाली की तिकडं म्हणतात, ‘मुचो गुस्तो’. फार आनंद झाला. ‘गुस्तो’चा आणखी एक अर्थ आहे, चव. आणि चव कळायला निदान दोन घास तरी घ्यावे लागतात.