पाच कोटी ऐंशी लाखांची बोली: गैरसमज आणि वस्तुस्थिती

१९ डिसेंबर २०२३ रोजी दुबईत आयपीएलचा लिलाव झाला. त्या दिवशी नागपूरच्या दोन खेळाडूंवर अगदी सारखी बोली लागली, ५ कोटी ८० लाखांची. पहिला उमेश यादव. खापरखेड्याकडच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत वाढलेला, भारताकडून कसोटी आणि एकदिवसीय सामने खेळलेला, वय ३६. त्याला गुजरात टायटन्सने घेतले. दुसरा शुभम दुबे. वडिलांचा नागपुरात पानठेला, भारताकडून एकही सामना नाही, वय २९. त्याची मूळ किंमत २० लाख होती. राजस्थान रॉयल्सने ती २९ पटींवर नेली.

अकरा महिन्यांनी सौदी अरेबियात जेद्दाहला पुढचा लिलाव झाला. उमेशवर कोणीच बोली लावली नाही. शुभम पुन्हा राजस्थानकडेच गेला, पण ८० लाखांत.

पहिल्या लिलावानंतर आपल्याकडे जो तो म्हणत होता, "पोरगं सेट झालं." दुसऱ्यानंतर तेच लोक म्हणाले, "पोराला किंमत टिकवता नाही आली." दोन्ही वाक्ये चुकीची आहेत. शहरात क्रिकेट अकादम्या वाढत आहेत आणि आईबाप मुलांच्या दहावी-बारावीचे निर्णय या आकड्यांकडे बघून घेऊ लागले आहेत. अशा वेळी हा आकडा नेमका कशाचा असतो, हे नीट समजून घेणे गरजेचे झाले आहे.

गैरसमज: बोलीची रक्कम म्हणजे हातात आलेला पैसा

बोलीची रक्कम एका हंगामाची असते आणि ती करापूर्वीची असते. भारतीय खेळाडूला पैसे देतानाच १० टक्के कर कापला जातो, पण हिशेब तिथे संपत नाही. नव्या करप्रणालीत वार्षिक उत्पन्न दोन कोटींच्या पुढे गेले की अधिभार आणि उपकर धरून वरच्या टप्प्यातल्या रुपयामागे सुमारे ३९ पैसे सरकारकडे जातात. ५ कोटी ८० लाखांतून खर्चाची वजावट न धरता साधारण साडेतीन कोटी उरतात. व्यवस्थापकाची टक्केवारी, ट्रेनर आणि फिजिओ यांचा खर्च त्यातूनच भागवायचा.

साडेतीन कोटी ही लहान रक्कम नाही. नागपुरात त्यात घर होते, आईवडिलांचे म्हातारपण सुखाचे होते. पण ती दरवर्षी येणार असे धरून कोणी कर्ज काढले किंवा नोकरी सोडली, तर घोटाळा तिथे सुरू होतो.

उलट बाजूचाही एक समज आहे, की बाकावर बसलेल्याला पैसे मिळत नाहीत. तसे नाही. खेळाडू पूर्ण हंगाम उपलब्ध असेल तर एकही चेंडू न खेळता त्याला पूर्ण रक्कम मिळते. हंगामाआधीच दुखापत होऊन तो संघात येऊ शकला नाही, तर मात्र पैसे देण्याचे बंधन संघावर नसते. २०२५ पासून यात सामना मानधनाची भर पडली. मैदानावर उतरलेल्या प्रत्येकाला, इम्पॅक्ट प्लेअर म्हणून बदली आलेल्यासह, सामन्यामागे साडेसात लाख मिळतात. ३० लाखांच्या करारावर आलेल्या पोराला चार-पाच सामने मिळाले तरी त्याची कमाई दुप्पट होते. गेल्या काही वर्षांत भारतीय क्रिकेट मंडळाने केलेल्या बदलांत हा मला सर्वांत न्याय्य वाटतो.

गैरसमज: करार तीन वर्षांचा असतो

हा समज सर्वांत जास्त नुकसान करतो. दोन मोठ्या लिलावांमध्ये साधारण तीन वर्षे जातात, म्हणून करारही तितकाच पक्का असेल असे वाटते. प्रत्यक्षात दोरी संघाच्या हातात असते. दर वर्षी लिलावाच्या आधी संघ ठेवायच्या आणि सोडायच्या खेळाडूंची यादी देतात. सोडले की पुढच्या वर्षाची रक्कम संपली. आणि असा मोठा, म्हणजे मेगा लिलाव आला की मोजके खेळाडू वगळता सगळ्यांचीच पाटी कोरी होते.

शुभमचे काय झाले ते पाहा. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला १२० कोटींची पर्स, म्हणजे खेळाडूंवर खर्चायची मर्यादा, होती आणि जास्तीत जास्त सहा खेळाडू राखता येत होते. राजस्थानने सहाही जागा भरल्या: संजू सॅमसन आणि यशस्वी जैस्वाल प्रत्येकी १८ कोटी, रियान पराग आणि ध्रुव जुरेल प्रत्येकी १४, शिमरॉन हेटमायर ११, संदीप शर्मा ४. एकूण ७९ कोटी. लिलावात न्यायला ४१ कोटी उरले. अनकॅप्ड, म्हणजे भारताकडून न खेळलेला खेळाडू राखायचा म्हटला तरी पर्समधून ४ कोटी वजा होणार होते. मोजक्याच सामन्यांत संधी मिळालेल्या शुभमसाठी यातली एक जागा आणि ४ कोटी कोण अडकवणार? संघाने त्याला सोडले आणि लिलावात ८० लाखांत परत घेतले. राजस्थानला तो हवाच होता, म्हणून तर परत घेतला. नियमांच्या या मांडणीत त्याला स्वस्तात घेण्याची सोय होती आणि संघाने ती वापरली. पोराने किंमत घालवली असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून बघावा.

खरा दीर्घ करार कसा असतो, हे पाहायला उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीकडे जावे लागते. न्यूयॉर्क आयलँडर्स संघाने २००६ मध्ये रिक डिपिएत्रो या गोलरक्षकाशी १५ वर्षांचा, ६ कोटी ७५ लाख डॉलरचा करार केला. मग दुखापती सुरू झाल्या. २०१३ मध्ये संघाने करार मोडला, पण तिथे मोडणेही फुकट नसते. वर्षाला १५ लाख डॉलर याप्रमाणे २०२९ पर्यंत पैसे देत राहण्याचे संघाच्या गळ्यात पडले. अशा लांब करारांमुळे त्याच वर्षी लीगने कराराच्या मुदतीला मर्यादा घातली: आपल्याच खेळाडूशी आठ वर्षे, बाहेरून आणलेल्याशी सात.

तिथे जुगार संघ खेळतो आणि डाव फसला तर भुर्दंडही संघच भरतो. आपल्याकडे बोली लावताना जुगार संघाचा दिसतो, पण तो फसला तर संघाचे एका हंगामावर निभावते. पुढच्या वर्षांची अनिश्चितता खेळाडूच्या वाट्याला येते.

गैरसमज: जितकी बोली, तितका मोठा खेळाडू

अमरावतीच्या जितेश शर्माइतके याला चोख उत्तर दुसरे नाही. २०१६ आणि २०१७ मध्ये तो मुंबई इंडियन्सच्या ताफ्यात होता, पण एकही सामना मिळाला नाही. २०२२ मध्ये पंजाब किंग्जने त्याला २० लाखांत घेतले. २०२३ च्या हंगामात त्याने ३०९ धावा केल्या, त्याही तडाख्यात. २०२४ चा हंगाम त्याला खराब गेला, १४ सामन्यांत १८७ धावा. सामान्य हिशेबाने किंमत घसरायला हवी होती. जेद्दाहमध्ये झाले उलटे.

मूळ किंमत १ कोटी. बोली चढत बंगळुरूकडे ७ कोटींवर थांबली. तेवढ्यात पंजाबने राइट टू मॅच कार्ड दाखवले, म्हणजे लागलेली बोली देऊन आपला जुना खेळाडू परत घेण्याचा हक्क. त्या लिलावात नवा नियम होता: कार्ड दाखवल्यावर आधीच्या बोलीदाराला एकदाच आकडा वाढवता येईल. वाढवलेला आकडा पंजाबला मान्य असेल तर खेळाडू पंजाबचा, नाहीतर बोलीदाराचा. बंगळुरूने एका उडीत ११ कोटी सांगितले. पंजाबने माघार घेतली.

या ४ कोटींच्या उडीत जितेशच्या फलंदाजीत तिळमात्र फरक पडला नव्हता. फरक एवढाच, की यष्टिरक्षण करून शेवटच्या षटकांत मोठे फटके मारणारे भारतीय खेळाडू फार थोडे आहेत, बंगळुरूला तो हवाच होता आणि आकडा वाढवायला एकच संधी होती. किंमत ठरते ती त्या क्षणी किती संघांना गरज आहे, त्यांच्या पर्समध्ये किती उरले आहे आणि नाव यादीत कधी पुकारले जाते यावर. मिचेल स्टार्कचेही तसेच. २०२३ च्या लिलावात कोलकात्याने त्याला २४ कोटी ७५ लाखांना घेतले. त्याने अंतिम सामन्यात १४ धावांत २ बळी घेतले आणि कोलकाता विजेता ठरला. पुढच्याच लिलावात तोच स्टार्क दिल्लीला ११ कोटी ७५ लाखांत मिळाला.

गैरसमज: मालकांचा पैसा उधळला जातो

२७ कोटींना ऋषभ पंत घेतला तेव्हा लखनौचा मालक वेडा ठरवला गेला. पण हाच संघ २०२१ मध्ये ७,०९० कोटींना विकत घेतला गेला होता. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले आहेत आणि त्यातला मोठा वाटा संघांना मिळतो. शिवाय पर्सची मर्यादा सगळ्यांना सारखीच. त्यामुळे महागड्या खेळाडूने मालक बुडत नाही, संघाची बांधणी बिघडते.

लखनौने पाच खेळाडू ५१ कोटींत राखले होते. हाती ६९ कोटी उरले. त्यातले २७ एकट्या पंतवर गेले, जवळजवळ ३९ टक्के. राखलेल्यांपैकी ११ कोटींचा मयंक यादव दुखापतीमुळे दोनच सामने खेळला, मोहसीन खान संपूर्ण हंगामाला मुकला. त्याच्या जागी जेद्दाहमध्ये कोणीच न घेतलेला आपला पालघरचा शार्दूल ठाकूर २ कोटींत आणावा लागला आणि दुसऱ्याच सामन्यात त्याने चार बळी घेतले.

पंतने १४ सामन्यांत २६९ धावा केल्या. त्यातल्या ११८ शेवटच्या एका सामन्यात, २७ मे २०२५ रोजी लखनौत. लखनौने २२७ धावा उभारल्या होत्या. समोर बंगळुरूचे नेतृत्व त्या दिवशी जितेशकडे होते. त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा ठोकून आठ चेंडू राखून सामना काढला. मध्येच लखनौच्या दिग्वेश राठीने जितेश गोलंदाजाच्या टोकाला क्रीजबाहेर असताना बेल्स उडवल्या. तिसऱ्या पंचांनी नाबाद ठरवले आणि पंतनेही अपील मागे घेतले. पंतचे ते वागणे मला त्याच्या शतकाइतकेच आवडले. त्या विजयाने बंगळुरू पहिल्या दोनांत गेले आणि ३ जूनला अठराव्या हंगामात पहिल्यांदा विजेते झाले. लखनौ सातवे आले.

यावरून पंत महाग पडला आणि जितेश स्वस्त, असा निकाल देण्याची घाई करू नये. एका हंगामाचे १४ सामने ही फार छोटी मोजपट्टी आहे. शुभमवर राजस्थानने २०२३ मध्ये बोली लावली, ती सय्यद मुश्ताक अली स्पर्धेतल्या २२१ धावा आणि १८७ चा स्ट्राइक रेट बघून. तो तर आणखी छोटा नमुना होता.

गैरसमज: रणजी आता नावापुरती उरली

विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असे तीनदा रणजी करंडक जिंकला आहे. त्यातल्या शेवटच्या दोन विजेतेपदांच्या अंतिम सामन्यांना जामठ्याचे मैदान साक्षीदार होते. २०२४-२५ च्या हंगामात विदर्भाच्या हर्ष दुबेने ६९ बळी घेतले, एका रणजी हंगामातला हा विक्रम. पण आयपीएल २०२५ सुरू झाली तेव्हा तो कोणत्याच संघात नव्हता, कारण लिलाव नोव्हेंबरमध्येच उरकला होता. मे महिन्यात हैदराबादला बदली खेळाडू हवा होता, तेव्हा त्याला बोलावणे आले. ते आले रणजीतल्या बळींवर.

रणजीत खेळाडूला अनुभवानुसार दिवसाला ४० ते ६० हजार रुपये मिळतात. सात साखळी सामने चार-चार दिवसांचे आणि तीन बाद फेरीचे सामने पाच-पाच दिवसांचे, असे वेळापत्रकातले ४३ दिवस धरले तर करंडक जिंकणाऱ्या संघातल्या सर्वांत अनुभवी खेळाडूची कमाई २५ लाख ८० हजार होते. आयपीएलचा सर्वांत लहान करार ३० लाखांचा आहे. म्हणून मुलांनी टी-ट्वेंटीकडे वळू नये असे कोणी म्हणणार नाही. पण रणजीची जागा कामगिरीवर टिकते आणि अनेक वर्षे टिकते. लिलावाच्या बोलीला तसा आधार नाही. अकादमीत मुलाचे नाव घालताना पालकांनी आधी विदर्भाच्या वयोगट संघांची वाट विचारावी आणि पदवी अर्धवट सोडू देऊ नये.

मंडळाकडेही एक मागणी आहे. भारताकडून न खेळलेला खेळाडू पहिल्यांदा मोठ्या रकमेला विकला गेला, तर दुसऱ्या हंगामाची किमान निम्मी रक्कम त्याला करारातच बांधून मिळावी, मग संघ त्याला ठेवो की सोडो. ४८,३९० कोटींच्या व्यवहारात हा खर्च नगण्य आहे. विदर्भ क्रिकेट संघटनेने ही मागणी मंडळापुढे मांडावी, कारण यात सर्वांत जास्त काही गमावण्यासारखे आहे ते आपल्यासारख्या लहान शहरांतल्या मुलांचे.