झोप हरवलेल्या सैनिकाचे अपील

मानकोली नाक्यावरून आत वळले की भिवंडीची गोदामे सुरू होतात. पत्र्याच्या छपराखाली देशभरचा माल साठवलेला. रात्री त्याची राखण कोण करतो? गेटवर खुर्ची टाकून बसलेल्या माणसांना विचारा. कुणी निवृत्त नाईक, कुणी हवालदार. सरहद्द राखून आलेली माणसे आता बारा-बारा तास शेठचा माल राखतात.

त्यांच्यातल्याच एका हवालदाराची ही हकीकत. नाव छापू नका, असे त्यांनीच सांगितले. ड्युटीवर डुलकी लागली म्हणून त्यांचा तीन दिवसांचा पगार कापला गेला. "मिलिटरीचा माणूस आणि पहाऱ्यावर झोपतो?" हे वर ऐकावे लागले. या माणसाला धड झोप लागलेलीच नाही, हे सुपरवायझरला कोण सांगणार?

त्यांना स्लीप अ‍ॅप्निया आहे. या आजारात झोपेत घशातला मार्ग मिटतो आणि श्वास दहा सेकंद, कधी त्याहून जास्त थांबतो. रक्तातला प्राणवायू उतरतो आणि मेंदू दचकून शरीराला जागे करतो. असे तासातून कितीतरी वेळा होते. सकाळी माणूस थकलेलाच उठतो. पुढे रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. नाकावर मास्क लावून हवा आत ढकलणारे सीपॅप यंत्र रोज रात्री वापरावे लागते. आपल्या वस्तीत मात्र याला एकच नाव आहे, घोरणे. "घोरण्याला कुठं पेन्शन मिळते का?" असे म्हणून शेजाऱ्यांनी त्यांची थट्टाच केली.

पण हा आजार नोकरीतच आढळला. सैनिकी रुग्णालयातच झोपेची तपासणी झाली, निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्डाने अपंगत्व तीस टक्के लिहिले. आणि त्याच कागदावर पुढे एक वाक्य लिहिले: आजार सेवेमुळे उद्भवलेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही. कारण? इंग्रजीत एकच शब्द, 'कॉन्स्टिट्यूशनल'. म्हणजे शरीरप्रकृतीचाच दोष. आम्हाला कॉन्स्टिट्यूशन म्हटले की बाबासाहेबांचे संविधान आठवते आणि हक्क आठवतात. इथे त्याच शब्दाने हक्क नाकारला.

आता सर्वोच्च न्यायालय काय म्हणते ते पाहा. धरमवीर सिंग नावाचे शिपाई १९८५ साली सिग्नल्समध्ये भरती झाले आणि १९९४ साली अपस्मारामुळे, वीस टक्के अपंगत्व लिहून, घरी पाठवले गेले. त्यांनाही हेच सांगितले होते की आजार प्रकृतीचा आहे, नोकरीचा नाही. २ जुलै २०१३ रोजी न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान निरोगी होता असेच धरले पाहिजे. आजाराचा सेवेशी संबंध नाही, हे सिद्ध करण्याचे ओझे सरकारवर आहे, जवानावर नाही. भरतीच्या तपासणीत आजार का सापडू शकला नसता, याची कारणे बोर्डाने लिहिली पाहिजेत. एक शब्द टाकून दिला म्हणजे कारण झाले नाही.

अर्थात स्लीप अ‍ॅप्नियात वजनाचा मुद्दा काढला जातो. वाढलेल्या वजनाने हा आजार बळावतो, हे वैद्यकशास्त्र सांगते आणि ते नाकारून चालणार नाही. पण वजन केव्हा वाढले, नेमणुका कुठे होत्या, रात्रीचे पहारे किती, उंचीवरची चौकी किती महिने, हे न विचारता दोष जवानाच्या पोटावर ढकलणे हा न्याय नव्हे.

आणि एक हिशेब आपण पाहिलाच पाहिजे. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार, २०१५-१६ ते २०१९-२० या काळात निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यांपैकी ३६ ते ४० टक्क्यांना अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मिळाले. जवानांमध्ये हे प्रमाण १५ ते १८ टक्के. खंदकात जास्त कोण झिजते? मग कागदावर जास्त अपंग साहेबच कसे? साहेबाला नियम ठाऊक असतो, फाईल कुठे अडते ते ठाऊक असते. जवानाला नकाराचे इंग्रजी पत्र येते आणि तो ते ट्रंकेत ठेवून देतो.

ट्रंकेतली ती पत्रे बाहेर काढा. पहिले अपील रेकॉर्ड ऑफिसमार्फत सहा महिन्यांत करायचे. तिथे नकार आला तर दुसरे अपील. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण; त्याचे खंडपीठ मुंबईतच आहे. उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही, पण थकबाकी सहसा मागच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. मेडिकल बोर्डाची प्रत हातात नसेल तर माहिती अधिकारात मागा. त्याशिवाय अपील म्हणजे अंधारात दगड. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले आहेत, तेव्हा आपल्या निवृत्तीच्या तारखेला कोणते नियम होते ते आधी तपासा. वकिलाला पैसे नाहीत? १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारा. आणि मंजुरी मिळाली की टक्केवारीकडे लक्ष ठेवा. राम अवतार खटल्यात १० डिसेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सेवाकाळ पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेण्याचा लाभ द्यावा. त्यामुळे तीस टक्क्यांचे पन्नास धरले जातात.

अर्ज करण्याची लाज आपल्याला कशाला? इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली तेव्हा निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला. १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांनी थेट भारतमंत्र्याकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात १११ महार पलटण उभी केली आणि १९२१ साली गुंडाळली. १९४१ साली बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात महार रेजिमेंट उभी राहिली. दर वेळी आधी कागद गेला होता. १ जानेवारीला कोरेगावच्या स्तंभापुढे सलामी देणारे आपले माजी सैनिक पेन्शनच्या पत्रापुढे मात्र मान खाली घालतात, हे मला पटत नाही.

हवालदारांनी शेवटी अपील लिहिले. सोबत वहिनींचे प्रतिज्ञापत्र आहे आणि तुकडीतल्या एका जुन्या साथीदाराचेही. चौकीवर रात्री यांचा श्वास अडकला की मी यांना हलवून जागे करायचो, असे त्याने लिहून दिले आहे. मुदतीला एकोणीस दिवस उरले असताना तो लखोटा स्पीड पोस्टाने गेला. पावती त्यांनी पाकिटात ठेवली आणि ते रात्रपाळीला निघाले.