ओळख न पटणारें उपकरण

शिरूरच्या एखाद्या कुटुंबानें लग्नाचीं छायाचित्रें हार्ड डिस्कमध्यें सांठवावीं, ती दौंडच्या नातलगांकडे नेऊन संगणकाला जोडावी, आणि पडद्यावर ‘उपकरण ओळखतां येत नाहीं’ अशीं अक्षरें उमटावीं, हा प्रसंग आतां विरळ राहिलेला नाहीं. दोष डिस्कचाच, असें मानण्याची मग घाई होते. वस्तुतः तो पुष्कळदां वाटेंत असतो.

१९९६ सालीं प्रथम ठरलेल्या यूएसबीच्या मूळ रचनेंत चार तारा आहेत: दोन विजेच्या, दोन संभाषणाच्या. लाइन मिळेपर्यंत गाडीनें दौंड जंक्शनाबाहेर सिग्नलापाशीं थांबावें, तद्वत् उपकरण प्रथम आपलें अस्तित्व कळवितें. संगणक नांवगांव विचारतो, आणि उत्तर मिळाल्यावरच वाट मोकळी होते. मोबाइल चार्ज करण्याच्या कित्येक स्वस्त वायरींत संभाषणाच्या तारा मुळींच नसतात. दिवा लागतो, पण बोलणें होत नाहीं. म्हणून आधीं वायर बदलावी. फिरत्या तबकडीच्या डिस्कला आरंभीं वीजहि अधिक लागते, आणि यूएसबी २.० च्या खांचेची मर्यादा ५०० मिलिअँपिअर. तेव्हां मधला हब काढून ती संगणकाच्या पाठीमागील खांचेंत थेट जोडावी; पुढील खांचा आंतून आणखी एका वायरीनें मदरबोर्डला जोडलेल्या असतात, हें पुष्कळांच्या ध्यानीं नसतें. तरीहि न जमल्यास दुसऱ्या संगणकावर तपासावें.

मात्र ‘फॉरमॅट करावें काय?’ असा प्रश्न आल्यास होकार देऊं नये. ओळख पटेना म्हणून पाहुण्याची ट्रंक रिकामी करण्यासारखेंच तें आहे. डिस्कमधून टकटक आवाज येऊं लागल्यास ती तत्काळ काढून ठेवावी, आणि छायाचित्रांची दुसरी प्रत नसेल तर तज्ज्ञाकडेच न्यावी.