कानाची कूर्चा टोचणे

कानाच्या मऊ पाळीऐवजी तिच्या वरील कूर्चेच्या भागाला छिद्र पाडून त्यात दागिना घालण्याच्या क्रियेस कानाची कूर्चा टोचणे असे म्हणतात. महाराष्ट्रात ही प्रथा नवी नाही. स्त्रियांची बुगडी आणि पुरुषांची भिकबाळी हे दोन्ही पारंपरिक दागिने कानाच्या वरच्या भागातच घातले जातात. अलीकडे हेलिक्स, ट्रॅगस, काँक अशा इंग्रजी नावांनी ही प्रथा तरुण वर्गात पुन्हा रूढ झाली आहे. पाळी टोचणे आणि कूर्चा टोचणे या क्रिया दिसायला सारख्या असल्या, तरी शरीराच्या दृष्टीने त्या भिन्न आहेत. म्हणून छिद्राची जागा, टोचण्याचे साधन आणि नंतरची निगा या तिन्ही बाबतींत वेगळा विचार करावा लागतो.

कानाची रचना

पाळीमध्ये चरबी व तंतुमय ऊती असतात आणि तिला रक्तपुरवठा भरपूर असतो. त्यामुळे तिची जखम साधारणतः ६ ते ८ आठवड्यांत भरून येते. पाळीच्या वरचा कान मात्र लवचिक कूर्चेच्या पातळ पत्र्यासारखा असतो. या कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावरील कूर्चावरण नावाच्या पातळ आवरणातून तिला पोषण मिळते. म्हणूनच कूर्चेला पाडलेले छिद्र पूर्ण बरे होण्यास ६ ते १२ महिने लागू शकतात. आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये पू किंवा रक्त साठले, तर कूर्चेचे पोषण तुटते व तिचा तेवढा भाग मृत होतो. मग कान आक्रसून वेडावाकडा होतो आणि त्याचा मूळ आकार आपोआप परत येत नाही.

परंपरा

महाराष्ट्रात अनेक घरांत बाळाचे कान बाराव्या दिवशी किंवा त्यानंतर सोनाराकडून टोचून घेतात व छिद्रात सोन्याची बारीक तार घालतात. ‘सोनारानेच कान टोचले पाहिजेत’ या म्हणीचा अर्थ, योग्य उपदेश अधिकारी माणसानेच करावा, असा आहे. परंतु टोचण्याचे काम जाणकाराचेच, हा मूळ अनुभवही तिच्यात आहे. हा कर्णवेध पाळीचा असतो.

बुगडीसाठी कानाच्या वरच्या कडेला वेगळे छिद्र पाडतात. बुगडी सोन्याची व मोत्यांची असून पारंपरिक घडणीत ती मागील बाजूने फिरकीने बसवतात. फिरकी सैल झाली की बुगडी नकळत पडते. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) या चित्रपटातील गाजलेली लावणी अशा हरवलेल्या बुगडीवरच आहे. भिकबाळी ही मोती गुंफलेली बाळी पुरुष उजव्या कानाच्या वरच्या भागात घालत. पेशवाईतील पुरुषांच्या पेहरावाशी ती विशेष निगडित आहे.

बहिणाबाई चौधरी यांचे जन्मगाव असलेले असोदा हे जळगाव शहराजवळचे गाव आहे. जळगाव सोन्याच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असल्याने बुगडीसारखे दागिने या भागात सहज मिळतात. दागिन्याची निवड दुकानात होते. छिद्राची जागा मात्र ज्याच्या-त्याच्या कानावरून व कामावरून ठरवावी लागते.

सुश्रुतसंहितेतील विचार

छिद्राच्या जागेचा विचार प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील १६ वा अध्याय कर्णवेधाविषयी आहे. कान ताणून धरावा, सूर्यप्रकाश आरपार दिसेल अशी नैसर्गिक जागा शोधावी आणि तेथे सरळ वेध करावा, असे त्यात सांगितले आहे. पातळ कानासाठी सुई आणि जाड कानासाठी आरा वापरण्यास सांगितले आहे. कालिका, मर्मरिका व लोहितिका या शिरांना इजा झाल्यास ज्वर, सूज, वेदना इत्यादी उपद्रव होतात, असेही नमूद आहे. हे वर्णन पाळीचे असले, तरी आधी प्रकाशात पाहून शिरा टाळाव्यात हे तत्त्व कूर्चेलाही लागू पडते. आज त्यासाठी लहान विजेरी वापरता येते.

जागेची निवड

वरची वळलेली कड (हेलिक्स): बुगडीची पारंपरिक जागा हीच. येथे कूर्चा तुलनेने पातळ असते आणि छिद्र पुढून-मागून स्वच्छ करता येते. प्रथमच कूर्चा टोचणाऱ्यांसाठी ही जागा सोयीची मानतात. ज्यांच्या कानाची कड नीट वळलेली नसते, त्यांच्या कानात दागिना तिरका बसू शकतो.

कडेच्या आतील सपाट भाग: येथे खडा उठून दिसतो. मात्र झोपताना या भागावर दाब येतो.

मधला खोलगट भाग (काँक): येथील कूर्चा जाड असते. जखम भरण्यास वेळ लागतो आणि कानात घालायच्या इयरफोनचा अडथळा होतो.

कर्णछिद्रापुढील उंचवटा (ट्रॅगस): हा भाग सर्वांचा पुरेसा मोठा नसतो. फोन कानाला लावताना येथे घर्षण होते.

जागा ठरवताना दैनंदिन सवयी पाहाव्यात. ज्या कुशीवर झोपण्याची सवय आहे, त्या बाजूचा कान शक्यतो टाळावा. दोन्ही कान एकाच वेळी टोचल्यास झोपण्यासाठी एकही कूस मोकळी राहत नाही. शेतात काम करताना डोक्याला बांधलेला रुमाल, डोक्यावरील पदर किंवा दुचाकीवरील हेल्मेट यांत दागिना अडकून जखम पुन्हा पुन्हा उघडते. खानदेशात उन्हाळ्यात पारा ४४ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. घाम व धूळ यांमुळे त्या दिवसांत जखम स्वच्छ ठेवणे अवघड असते, म्हणून हिवाळा अधिक सोयीचा ठरतो.

टोचण्याची पद्धत

कूर्चेसाठी एकदाच वापरायची, निर्जंतुक, पोकळ सुई योग्य समजली जाते. टोचण्याची बंदूक बोथट खडा जोराने आत ढकलते. त्यामुळे कूर्चेला जास्त इजा होते. शिवाय प्लॅस्टिकची बंदूक वाफेच्या उष्णतेने निर्जंतुक करता येत नाही. अमेरिकेतील ओरेगन राज्यात २००० साली एका विक्रीकेंद्रावर कान टोचून घेतलेल्यांमध्ये स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूचा संसर्ग पसरला. प्रयोगशाळेत संसर्ग सिद्ध झालेल्या सातही जणांनी कानाची वरची कूर्चा टोचून घेतली होती.

प्रारंभी टायटेनियमचा किंवा निकेलविरहित सोन्याचा हलका खडा घालावा. सूज येईल हे गृहीत धरून त्याची दांडी थोडी लांब असावी. वजनदार बुगडी जखम पूर्ण भरल्यावरच घालावी. प्रसंगापुरती हौस असल्यास छिद्राविना बसणारी दाबाची बुगडी मिळते. तीही घट्ट असेल तर फार वेळ घालू नये.

ज्यांच्या जुन्या जखमांवर वाढत जाणारे जाड वण (केलॉइड) आले आहेत, ज्यांचा मधुमेह आटोक्यात नाही किंवा ज्यांना रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. धनुर्वाताची लस घेतलेली असावी.

निगा

जखमेला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. दिवसातून एक-दोन वेळा निर्जंतुक सलाइनने छिद्राची जागा स्वच्छ करून कोरडी करावी. हळद, तेल, स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड लावू नये. दागिना फिरवत राहू नये, कारण त्यामुळे भरत आलेली त्वचा फाटते. नदी, विहीर किंवा तलावात पोहणे टाळावे.

धोक्याची लक्षणे

पहिल्या काही दिवसांत किंचित सूज व पातळ स्राव येणे स्वाभाविक आहे. परंतु कानाचा वरचा भाग लाल, गरम व अतिशय दुखरा झाला आणि पाळी मात्र नेहमीसारखी राहिली, तर कूर्चावरणाचा संसर्ग असण्याची शक्यता असते; पाळीत कूर्चा नसल्याने ती त्यातून वाचते. अशा वेळी त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. नेहमीची अनेक प्रतिजैविके स्यूडोमोनासवर चालत नसल्याने घरातली उरलेली औषधे घेऊन थांबू नये. दागिनाही स्वतः काढू नये. वरचे छिद्र बुजून पू आत कोंडला जाऊ शकतो. वेळेवर उपचार झाल्यास कानाचा आकार बहुधा वाचतो, विलंब झाल्यास मृत कूर्चा शस्त्रक्रियेने काढावी लागते.